चर्चची वाट वाड्यातून जाते

पत्र: "आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले मराठी कॅथलिक. नवऱ्याची नोकरी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणून दोन वर्षांपासून सासष्टीतल्या एका गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दर रविवारी चर्चमध्ये इंग्रजी मिस्साला (उपासनेला) जातो, शेवटच्या बाकावर बसतो, शेवटचा आशीर्वाद झाला की निघतो. कोणाशी ओळख नाही. गावी मी भजनात पेटी वाजवायचे, ऑक्टोबरातली जपमाळ आमच्या घरून सुरू व्हायची, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सगळी आळी मिळून निघायची. इथे मी कोणीच नाही. आमच्या वाड्यातल्या (गावाच्या आमच्या भागातल्या) एक आंटी दर महिन्याला प्रार्थनेच्या बैठकीचा निरोप देतात आणि मी दर वेळी काहीतरी कारण सांगते. कोंकणी कळते, पण बोलायला तोंड उघडत नाही, आणि रोमीत (रोमन लिपीत) लिहिलेले वाचता येत नाही. मागच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) रांगेत एका बाईने माझ्याकडे बघून शेजारणीला 'घाटी' म्हटलेले मी ऐकले. नवरा म्हणतो, दोन-तीन वर्षांत बदली होईल, कशाला गुंतायचे? मुलगी तिसरीत आहे, तिचा पहिला कम्युनियन (मिस्सातला प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी) जवळ आलाय. मी कुठल्या गटात जाऊ? की जाऊच नको?"

ताई, जा. या महिन्याचा निरोप आला की कारण सांगू नका, "येते" म्हणा. कोयर (गायनवृंद), लिजन, व्हिन्सेंट डी पॉल या चर्चच्या गटांपैकी काय निवडायचे ते नंतर बघू. आधी आंटींची बैठक.

असे का म्हणते ते सांगते. दोन वर्षे तुम्ही मिस्साला नेमाने जाता आहात आणि तरी कोणी ओळखत नाही, याचे तुम्हाला वाईट वाटते. पण गोव्यात रविवारच्या मिस्साला नवी ओळख होतच नाही. मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर जे घोळके उभे असतात, ते आधीपासूनचे असतात. एकाच वाड्यातले, एकाच शाळेतले, सोयरेधायरे. त्यांत नवे माणूस बाजूला उभे राहिले तर ते दुसऱ्या वाड्यातले असेल किंवा सुट्टीवर आलेले असेल, असे समजून लोक मान हलवतात आणि पुढे जातात. इथला धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालची सगळी घरे, वाड्यावाड्यांत वाटलेला असतो आणि सगळे काम त्या वाटणीने चालते. फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनात एकेक दिवस एकेका वाड्याकडे. चर्च झाडायची पाळी, रविवारी वाचन कोणी करायचे, अर्पण घेऊन कोणी जायचे, हेही बऱ्याच ठिकाणी वाड्याच्या पाळीने. कोणी आजारी पडले, घरी कम्युनियन न्यायला हवा, तर फादरच्या कानावर घालणारे वाड्यातलेच. मयत झाले तर घरात माळ म्हणायला पहिल्यांदा येतात तेही वाड्यातलेच. वाड्याच्या या गटाला इथे 'ल्हान क्रिस्तांव समुदाय' म्हणतात. तुमच्या आंटी त्याच्या ॲनिमेटर, म्हणजे गट चालवणाऱ्या, असणार.

आता त्या आंटींबद्दल. दोन वर्षे तुम्ही कारणे सांगता आहात आणि त्या दर महिन्याला पुन्हा निरोप देता आहेत. नुसती रीत पाळणारी बाई तिसऱ्या महिन्यात थांबली असती. सासष्टीतल्या कुठल्याही वाड्यातून संध्याकाळी चालत जाऊन बघा, किती खिडक्या बंद दिसतात. पोरे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली, कोणी आखातात, कोणी बोटीवर. मागे म्हातारी माणसे राहिली आणि चार-सहा बायका, ज्यांच्यावर नोव्हेनाची फुले, चर्चची साफसफाई, आजाऱ्यांची विचारपूस असे सगळे येऊन पडले आहे. तुम्हाला वाटते तुम्ही त्यांच्या दारात जागा मागायला जाणार. त्या मात्र माणसे शोधत फिरताहेत, आणि तुम्ही धडधाकट आहात, प्रार्थनेची सवय असलेल्या आहात, दोन गल्ल्या पलीकडे राहता. हे मनात नीट बसले की पाऊल उचलायला जड जाणार नाही.

बैठकीत काय होते ते आधीच माहीत असले तर भीती निम्मी होते. कोणाच्या तरी घरी संध्याकाळी जमायचे, जेमतेम तासभर. शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पांढरे कापड, खुरीस (क्रूस), मेणबत्ती आणि उघडून ठेवलेले बायबल. एक गीत होते आणि मग वचन. पुष्कळ ठिकाणी सात पायऱ्यांची पद्धत असते, जी दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेकडून जगभर गेली. प्रभूला बोलवायचे, वचन वाचायचे, त्यातल्या शब्दांपाशी थांबायचे, गप्प बसायचे, मनात आले ते सांगायचे, मग काम ठरवायचे आणि शेवटी प्रार्थना. यातली तिसरी पायरी तुमच्यासाठी सोन्याची आहे. ज्याला जो शब्द किंवा जी ओळ भिडली, ती त्याने मोठ्याने म्हणायची, एवढेच. मध्ये शांतता, मग पुढचा. व्याख्यान नाही, स्पष्टीकरण नाही. आंटींना आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर विचारा, "उद्या कुठला उतारा?" तो उतारा घरी मराठी बायबलमधून दोन-तीनदा वाचून जा. बैठकीत कोंकणीतून वाचतील तेव्हा अर्थ आपोआप लागेल आणि तुमची ओळ तुम्ही बिनधास्त मराठीत म्हणा. पहिल्या दिवशी तुमच्या तोंडून एवढी एक ओळ बाहेर पडली तरी पुष्कळ. पाचव्या पायरीवर, म्हणजे मनातले सांगायची वेळ येते तेव्हा, गप्प राहिलात तर कोणी वाईट वाटून घेत नाही. तिथे जन्मापासून कोंकणी बोलणारेही अर्धे गप्पच असतात.

सहावी पायरी आली की मात्र कान टवकारा. कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, कोणाला दुपारचे जेवण पोचवायचे, नोव्हेनाच्या आपल्या दिवशी फुले कोण आणणार, चहाचे कोण बघणार, कपेलकडचा (वाड्यातल्या छोट्या प्रार्थनामंदिराकडचा) दिवा बंद आहे तो पंचायतीला कोण सांगणार. इथे हात वर करा. अगदी साधे काम घ्या, खुर्च्या लावणे, भांडी धुणे, म्हातारीला हाताला धरून आणणे. चार बायका एका नळावर कप विसळत असतात तेव्हा कोंकणी कोणाची शुद्ध आणि कोणाची तुटकी हे कोणी बघत नाही, आणि बोलणे तिथेच सुटते. मी कितीतरी बायका अशाच रुळलेल्या पाहिल्या आहेत.

रोमीची अडचण खरी आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. 'एक्स' दिसला की 'श' वाचायचा. 'टी' जोडीने आला की 'ट', 'डी' जोडीने आला की 'ड', 'एन' जोडीने आला की 'ण', 'एल' जोडीने आला की 'ळ'. 'सी-एच-ई-ए' हे शेपूट दिसले की 'च्या'. एवढ्यावर अर्धे पान सुटते. एक दोनशे पानी वही घ्या आणि रोजच्या प्रार्थना देवनागरीत उतरवून काढा. 'आमच्या बापा' पासून सुरुवात करा, त्यातले पहिलेच संबोधन तुम्हाला शिकावे लागणार नाही. मग 'नमान मारिये', मग मिस्सातली उत्तरे. मुलीला शेजारी बसवा, ती शाळेत इंग्रजी अक्षरे शिकते आहे, तुमच्या आधी तिला जमेल. आणि रविवारचा इंग्रजी मिस्सा महिन्यातून दोनदा तरी सोडून कोंकणीला जा, वही पिशवीत घेऊन. इंग्रजी मिस्साला तुम्ही लपायला जाता आहात असे मला पत्र वाचताना वाटले.

आणखी एक. मे महिन्यात वाड्यावाड्यांच्या खुरसांजवळ लादाइन होते. व्हायोलिनवर सूर धरतात आणि लादाइनीत मारियेची एकेक नावे लॅटिनमध्ये गातात, लोकांनी दर नावाला 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचे. लॅटिन तिथे कोणाच्याच घरची भाषा नाही. म्हातारा गावकर आणि परवा राहायला आलेली भाडेकरीण यांना अगदी सारखेच येते. शेवटी 'व्हिवा!' होते, उकडलेले चणे आणि काहीतरी प्यायला वाटतात, अर्धा तास गप्पा होतात. कोणी बोलावणे पाठवत नाही, खुरीस रस्त्याकडेला असतो आणि जो येतो तो घरचा असतो. भजनाची सवय असलेल्या माणसाला या गाण्यात उभे राहिल्यावर काय वाटते ते मी इथे लिहून सांगू शकणार नाही, तुम्ही अनुभवाच.

आणि सायबीण. वर्षातल्या ठरावीक दिवसांत मारियेची मूर्ती वाड्यात घरोघर फिरते. आजचे घर संध्याकाळी मूर्ती पुढच्या घरी पोचवते, शेजारी माळ म्हणतात, गीत होते, खाऊ वाटतात, आणि दुसऱ्या संध्याकाळी ती पुढे निघते. घरांची यादी ॲनिमेटरकडे असते. बरेचदा भाड्याची घरे त्या यादीतून राहून जातात, कारण विचारावे की नको असे वाड्यातल्यांना वाटते. तुम्ही स्वतः सांगा, "आंटी, सायबीण आमच्याकडे पण येऊ दे." फ्लॅट लहान आहे, सोफा जुना आहे, असले काही मनात आणू नका. मतमाउलीला मानणाऱ्या घरात सायबीण येणार, याहून मोठे ते काय. त्या संध्याकाळी माळ झाल्यावर तुम्ही तुमचे एक मराठी भजन म्हणा. पेटी गावी असेल तर पुढच्या खेपेला घेऊन या. ज्या वाड्याने तुमच्या घरात बसून तुमचे भजन ऐकले, तो तुम्हाला रस्त्यात न ओळखता जाणार नाही.

'घाटी' या शब्दाबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. देवळात असो, बाजारात असो, माणसाला असे हिणवणे वाईटच, आणि कम्युनियनच्या आगेमागे उभे राहून हिणवणे तर फारच वाईट. तुम्हाला ते लागले यात तुमचे काही चुकले नाही. त्या बाईला शोधत जाऊ नका. पण आंटींशी जरा ओळख झाली की हे त्यांना सांगा, आणि पुन्हा कोणी म्हटले तर फादरना सांगा. गप्प बसून गिळायची ही गोष्ट नव्हे. तोंडावर कोणी म्हटले तर शांतपणे म्हणा, "मी तुमच्याच चर्चची, अमक्या वाड्यातली." वाड्याचे नाव घेता यावे यासाठीसुद्धा बैठकीला जायला हवे.

यातच एक गोष्ट सांगते, ती वाड्यातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना उपयोगी पडेल. गोव्यातली हजारो माणसे पोटासाठी मुंबईला गेली, तारवटी म्हणून बोटीवर चढायच्या आधी आणि उतरल्यावर धोबीतलावच्या आणि माझगावच्या कुडींत (गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत) राहिली. एकेका गावाची एकेक कूड. लोखंडी पेट्या भिंतीला लावलेल्या, चटया जमिनीवर, आणि एका भिंतीशी गावच्या संताचे आल्तार (वेदी). रात्री त्यापुढे माळ म्हणायची, ती कोणाला चुकवता येत नसे. परक्या शहरात हीच माणसे एका आल्तारापाशी धरून राहिली. तुमच्या वाड्यात असे निवृत्त तारवटी एक-दोघे सापडतीलच. त्यांच्यापाशी बसा. मुंबईत काढलेल्या दिवसांमुळे त्यांतल्या कित्येकांना चांगले मराठी येते आणि ते बोलायला कोणी मिळत नाही म्हणून ते आसुसलेले असतात. उपऱ्याचे दुखणे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

आता गटांकडे येते. लगेच नको, वाड्यात चार-सहा महिने मुरल्यावर एकच धरा.

तुमचे मन कोयरकडे ओढ घेणार हे मी ओळखते. पण तिथे घाई करू नका. गोव्यातल्या चर्चमधले गाणे पाश्चात्त्य सुरावटीचे, दोन-तीन आवाजांत बांधलेले, व्हायोलिन आणि ऑर्गनच्या साथीचे असते आणि त्यामागे चर्चच्या संगीतशाळांची कित्येक शतकांची परंपरा आहे. भजनात घडलेला गळा तिथे पहिल्या दिवशी बुजतो आणि उगाच वाटते की आपल्याला गाता येत नाही. आधी दहा-बारा गीते नुसती ऐकून पाठ होऊ द्या. फेस्तासाठी जादा आवाज हवे असतात, तेव्हा तालमी सुरू होतात, त्या वेळी विचारा.

लिजन ऑफ मेरी १९२१ साली डब्लिनमध्ये सुरू झाली. तिची दर आठवड्याला बैठक, ठरावीक प्रार्थना, आणि सोपवलेल्या कामाचा तोंडी अहवाल. शिस्त आवडत असेल तर उत्तम, पण लहान मूल आणि शिफ्टवाला नवरा सांभाळून दर आठवडा जमवणे अवघड जाते. कोंफ्रादीबद्दलही कोणी बोलताना ऐकाल, फेस्ताच्या मिरवणुकीत खांद्यावर रंगीत वस्त्र घेऊन चालतात ते कोंफ्राद. या जुन्या संस्था आहेत, काही गावांत त्यांचे सदस्यत्व पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांकडे राहिले आणि त्यावरून वादही झाले. तो इतिहास मला खटकतो. पण तुम्ही त्यात पडायचे कारण नाही.

तुमच्यासाठी मी निवडेन तो व्हिन्सेंट डी पॉल. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी सोबत्यांनी हे काम सुरू केले, आणि त्याचा गाभा आजही तोच आहे. गरजू घरी स्वतः जायचे, बसायचे, ऐकायचे, आणि मग धान्य, औषध, शाळेची फी असे जे लागेल ते बघायचे. धर्म विचारायचा नाही. वेर्ण्याच्या आसपास खोल्या करून राहणारी किती कुटुंबे महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, उत्तरेतून आलेली आहेत ते तुमच्या नवऱ्याला विचारा. कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची बायको बाळंतपणाला आलेली, जवळ सासू नाही, आई नाही. तिच्या दारात कोंकणी बोलणाऱ्या दोन आंटी गेल्या तर ती "सगळे ठीक आहे" म्हणून मोकळी होते. तुम्ही मराठीत विचारले की ती खरे सांगेल. जी भाषा तुम्हाला चर्चमध्ये अडचण वाटते आहे, तिचीच त्या गटाला गरज आहे. हे तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. अशा घरी गेलेल्या कोणालाही विचारा.

एक सावधगिरी. आसपास मराठी कॅथलिक घरे सापडतील, आणि मग वाटेल की आपली आपणच जपमाळ सुरू करावी, कशाला कोंकणीत अडखळायचे. महिन्यातून एखादा रविवार दुपारी जमा, भजने म्हणा, मुलांच्या कानावर मराठी प्रार्थना पडू दे. मला ते हवेच आहे. पण ते वाड्याच्या बैठकीच्या जागी नको. वेगळी चूल मांडलेली घरे वर्षानुवर्षे भाडेकरूच राहतात, मग घर स्वतःच्या नावावर झाले तरी.

यात अडचणी आहेत, त्या झाकत नाही. बैठक कधी वीस मिनिटे उशिरा सुरू होईल. कधी पाचच माणसे येतील, त्यांतला पुरुष एक. प्रार्थना संपल्यावर कोणाच्या सुनेविषयी नको ते बोलणे निघेल, तेव्हा पर्स उचलून "देव बरें करूं" म्हणून उठा. आणि एकदा काम करणारी बाई सापडली की सगळे तिच्याच गळ्यात टाकायची सवय सगळ्या गटांना असते, म्हणून पहिल्या वर्षी पैशांचा हिशेब आणि कुठलेही पद घेऊ नका.

नवऱ्याचे म्हणणे मला कळते. ज्याची बदली होते तो मुळे धरायला घाबरतो. त्यांना एवढेच सांगा की उद्या रात्री दोन वाजता ते नाइट शिफ्टला असताना मुलीला ताप चढला, तर गाडी घेऊन येईल असे एकही माणूस आज आपल्या फोनमध्ये नाही. दोन वर्षे अशी काढली, आणखी तीन अशीच काढायची का? त्यांना बैठकीला ओढून नेऊ नका. फेस्ताच्या आदल्या दिवशी मांडव आणि दिव्यांच्या माळा बांधायला पुरुष लागतात, त्या संध्याकाळी सुट्टी असेल तर तेवढे करू देत. पुरुष बहुतेक शिडी धरता धरताच ओळखी करतात.

मुलीचे मात्र उद्याच बघा, हे थांबण्यासारखे नाही. ती दोतोर्नीला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) जाते की नाही ते तुम्ही लिहिले नाही. जात नसेल तर येत्या रविवारी मिस्सानंतर दोतोर्न शिकवणाऱ्या सिस्टरना किंवा शिक्षिकेला भेटा, आंटींना बरोबर घ्या. पहिल्या कम्युनियनची तयारी वर्गाप्रमाणे चालते आणि मध्येच नाव घालायचे तर फादरशी बोलावे लागते. गावी जाल तेव्हा तिचा बाप्तिस्म्याचा दाखला, तुमच्या लग्नाचा चर्चमधला दाखला आणि तिकडच्या धर्मगुरूंची ओळखीची चिठ्ठी घेऊन या. जाणे लांबणार असेल तर भावाला तिकडच्या चर्चच्या कचेरीत पाठवून दाखला आधी फोनवर मागवा आणि मूळ प्रत मागाहून कुरिअरने येऊ दे. फादरना भेटाल तेव्हा आपले नाव, वाडा आणि घर धर्मग्रामाच्या नोंदीत घालायलाही सांगा. दोन वर्षांत ते झालेले नसणार, असे मला पत्रावरून वाटते.